चौथ्या अर्थाचा पुरावा

प्रिय ठकू,

अक्षर बघून दचकू नकोस. ओळी उतरणीला लागल्यात, मान्य आहे. उजव्या डोळ्यावर अजून वाटी बांधलेली आहे आणि डावा एकटाच ओझं वाहतोय, तोही कुरकुरत. डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धा तास लिहायची परवानगी दिली आहे, तेव्हा हे पत्र चार-पाच दिवस तरी चालेल. फोनवर सांगून मोकळा झालो असतो, पण रविवारी फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, थेंब घातले का. मी म्हणतो, घातले. मी विचारतो, कामावर कसं काय. तू म्हणतेस, नेहमीसारखं. या चार वाक्यांत मला जे सांगायचंय ते मावणारं नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ठकू. कोशाच्या कामात झाली आणि तुझ्याबाबतीत झाली. ती चूक ज्या पानावर आहे ते पान सोमवारी छापायला जायचं होतं, मी ते अडवून धरलंय. संपादकबाई रागावल्यात, पण त्या तशाही रागावलेल्याच असतात.

आधी डोळ्याचं सांगतो, नाहीतर तुझं लक्ष तिकडेच राहील. डोळ्याच्या आतला पडदा जुन्या भिंतीवरच्या रंगासारखा सुटत आला होता. तो परत चिकटवला आणि त्याला दाबून धरायला आत हवेचा एक बुडबुडा सोडला. आता बुडबुडा वर जाणार आणि पडदा तर मागे, म्हणून माणसानं तोंड खाली करून पडून राहायचं. दहा दिवस. जेवायला आणि न्हाणीघरात जायला काय ती सूट. आयुष्यभर तुझी आई मला पालथा घडा म्हणत आली, ती असती तर म्हणाली असती, आता काय, डॉक्टरांनीच लिहून दिलं. शेजारच्या शिंपीणबाई दोन्ही वेळा डबा ठेवून जात आणि थेंब घालून जात. थेंब घालताना त्या, गप पडा हो आजोबा, असं म्हणत. मी त्यांच्याहून सहा वर्षांनीच मोठा आहे, पण पालथ्या माणसानं वाद कसा घालायचा?

आणि रोज दुपारी अनुस्वार यायचा. तुला तो आठवत असेल. आमचा मुद्रितशोधक, बुटका, वाटोळा आणि कायम कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला, म्हणून सगळं कार्यालय त्याला अनुस्वार म्हणतं. तुझ्या लग्नात त्यानं जावईबापूंना पत्रिकेतल्या तीन चुका दाखवल्या होत्या तोच. कोशाचा 'स' छापायला निघाला होता आणि 'स' माझा. डोळे बंद तर बंद, कान उघडे आहेत ना, असं म्हणून बाईंनी त्याला मुद्रितं घेऊन माझ्याकडे पाठवलं. तो खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचा आणि वाचायचा. आमच्यात वाचताना सगळं वाचतात. स्वल्पविराम आला की स्वल्पविराम म्हणायचं, कंस उघडला की कंस सुरू, मिटला की कंस पूर्ण. आणि आवाजात चढउतार करायचा नाही. चढउतार केला की कान अर्थामागे धावतो आणि चूक निसटते. अनुस्वार या कामात पटाईत. त्याच्या तोंडी मृत्यू आणि मुळा एकाच सुरात येतात.

आमचा कोश कसला आहे ते तुला मी हजारदा सांगितलंय, एक हजार एकावी वेळ समज. आपल्या बोलण्यात येऊन मुरलेले इंग्रजी शब्द, आणि माणसं ते नेमके कसे वापरतात. उदाहरण मनानं रचायचं नाही, कुणीतरी खरंच बोललेलं किंवा लिहिलेलं हवं. चहा पिताना, दवाखान्याच्या रांगेत, कुणाच्या घरी सांत्वनाला गेलो तरी माझ्या खिशात कोरी कार्डं असतात, हे तू पाहिलंयस आणि त्यापायी शरमलीही आहेस. 'सेपरेट' या शब्दावर मी जवळजवळ दोन महिने बसलो होतो. दिसायला भोळा शब्द. पहिला अर्थ ऐटीचा. मुलाला सेपरेट खोली आहे, वरच्या मजल्याला जिना सेपरेट आहे. तिथे 'वेगळा' म्हटलं तर ऐटच जाते. दुसरा अर्थ कामाचा. ओले कपडे सेपरेट पिशवीत घाला, दोघांच्या गोळ्या सेपरेट बांधा. तिसरा कुजबुजीचा, ती दोघं हल्ली सेपरेट राहतात. आपल्याकडे शब्दांना काय तोटा आहे का? वेगळा, निराळा, सुटा, विलग, विभक्त, अलग. पण 'वेगळी झाली' म्हणताना जीभ अडखळते आणि 'सेपरेट' म्हणताना अडखळत नाही. आपला शब्द बोचतो तिथे माणसं परका शब्द पांघरतात, असं टिपण मी लिहिलं होतं. बाईंनी ते काढून टाकलं. म्हणाल्या, हा कोश आहे, प्रवचन नव्हे.

पण मला चौथा अर्थ सापडला होता. एकच छप्पर, एकच दार, भांडण नाही, तंटा नाही, लोकांना दाखवण्याजोगं काहीच नाही, आणि तरी सेपरेट. हा अर्थ कुठल्याच कोशात नव्हता आणि लोकांच्या बोलण्यात तो आहे याबद्दल माझी खात्री होती. कुठून खात्री होती, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तुझी आई पाहुण्यांना सांगायची, यांचं टेबल म्हणजे सेपरेट संस्थान आहे, तिथे आम्हाला प्रवेश नाही. पाहुणे हसायचे, मीही हसायचो. ते वाक्य कार्डावर उतरवायला हवं होतं खरं, पण घरातल्या माणसाचं बोलणं मला कधी पुरावा वाटलंच नाही. बाईंचा नियम कडक आहे, पुरावा नाही तर अर्थ नाही. त्यांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुदतीचे बारा दिवस उलटले होते आणि माझ्या हातात काही नव्हतं.

आता गेल्या आठवड्यातला बुधवार. मी पालथा, कपाळ गुंडाळलेल्या टॉवेलवर, डोळ्यांपुढे फरशीचा एक चौकोन. अनुस्वार वाचत होता. सेपरेट, स्वल्पविराम, विशेषण. एक, दोन, तीन अर्थ झाले, त्यांची उदाहरणं झाली, माझं लक्ष अनुस्वारांवर, म्हणजे खऱ्या अनुस्वारांवर. मग तो म्हणाला, चार, एकत्र असूनही वेगळा, पूर्णविराम, उदाहरण, अवतरणचिन्ह सुरू, माझं पातेलं सेपरेट स्वल्पविराम माझा साबण सेपरेट स्वल्पविराम माझ्या चपला ठेवायची जागासुद्धा सेपरेट अर्धविराम आम्ही एकाच घरात राहतो स्वल्पविराम पण सेपरेट पूर्णविराम, अवतरणचिन्ह पूर्ण, कंस सुरू, खा, पूर्णविराम, प, पूर्णविराम, कंस पूर्ण. खा. प. म्हणजे खाजगी पत्र. एवढं वाचून तो थांबला. तो कधी थांबत नाही. मी म्हटलं, काय झालं, काना सुटला का? तो म्हणाला, नाही, मजकूर शुद्ध आहे. मग म्हणाला, ही बाई कोण हो? बरी आहे ना?

ठकू, या कोशात अशी हजारो उदाहरणं आहेत. रडणाऱ्यांची आहेत, शिव्या देणाऱ्यांची आहेत, मरणाऱ्या माणसाचंही एक आहे. आजवर आमच्यापैकी कुणीही, हे कोण बोललं आणि ते आता कसं आहे, असं विचारलेलं नाही. मी उत्तर दिलं, असेल कुणीतरी, जुनं पत्र आहे, पुढे वाच. तोंड टॉवेलमध्ये होतं म्हणून बरं. तो पुढे सेपरेटर आणि काय काय वाचत गेला, मी त्यातलं अक्षर ऐकलं नाही. ते वाक्य मी तीन वर्षांत निदान वीसदा डोळ्यांखालून घातलं असेल. कार्डावर, टंकलेल्या पानावर, पहिल्या मुद्रितात. कानानं ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि चढउतार न करता वाचल्यामुळे असेल, ते तुझ्याच आवाजात ऐकू आलं. तू रागावलीस की अशीच एका सुरात बोलतेस, लहानपणापासून.

हो, ते तुझं वाक्य आहे. तुला विचारल्याशिवाय मी ते घेतलं. नाव घातलेलं नाही, खूण नाही, जगात कुणाला कळणार नाही, असं मी बुधवार ते शुक्रवार स्वतःला समजावत पडून राहिलो. पण जावईबापू वाचतील, आणि ते वाचणार नाहीत असं धरलं तरी तू वाचशील. बापाचा कोश म्हणून कौतुकानं 'स' उघडशील आणि तुझं पातेलं आणि तुझा साबण तिथे छापलेला असेल.

तुझं ते पत्र मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा नव्हतं. पहिलीच ओळ होती, बाबा, हे पत्र तपासू नका, नुसतं वाचा. ही ओळ तुला का लिहावी लागली ते मला कळतं. तू वसतिगृहात होतीस तेव्हा दर पंधरवड्याला लिहायचीस आणि मी तुझी पत्रं लाल शाईनं तपासून तुलाच परत पाठवायचो. मला वाटायचं, मी केवढं मोठं काम करतोय, पोरीची भाषा घडवतोय. एकदा तू ताप आल्याचं लिहिलं होतंस. 'कणकण'मधले दोन्ही ण तू न केले होतेस, त्यांना मी गोल केले, आणि ताप उतरला का हे विचारायचं राहून गेलं. तुझ्या आईनं त्याच पाकिटात गुपचूप स्वतःची चिठ्ठी सरकवली होती, हे मला ती गेल्यावर तुझ्याकडून कळलं. चिठ्ठीत र्‍हस्व-दीर्घाच्या चुका होत्या आणि ती तू अजून ठेवली आहेस, असंही तू म्हणालीस. मला तेव्हा हेवा वाटला होता, आज खरं सांगतो.

ते पत्र मी कार्यालयात उघडलं. दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं, पातळ कागद. तू लिहिलं होतंस की घरात कुणी ओरडत नाही, कुणी हात उगारत नाही, म्हणून तक्रार करायला जीभ रेटत नाही. जेवणाच्या वेळा ठरल्यात, तू उठलीस की जावईबापू बसतात. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवतेस आणि घरी आलीस की दिवसभरात कुणी तुझं नाव घेत नाही. मग ते वाक्य. मी ते वाचलं आणि, देवाशपथ, खुर्चीवरून उठलो. चौथा अर्थ, जिवंत, धडधडीत, माझ्या हातात. आनंद झाला, ठकू. तू दुःखानं लिहिलंस आणि मला आनंद झाला, आणि तो लपवायचंही मला सुचलं नाही. पुरावा शक्यतो मूळ हस्ताक्षरात चिकटवावा असा आमचा रिवाज आहे. मी कात्री घेतली, त्या तीन ओळींची पट्टी कापली, मागे डिंक लावला, कार्डावर बसवली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मुदतीला तीन दिवस बाकी होते. बाई म्हणाल्या, शाबास.

संध्याकाळी तुला उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते तुला पाठ असेल, तरी मला ते माझ्या हातानं परत लिहू दे. लिहिलं की तुझं वाक्य फार उत्तम साधलंय, अर्धविराम तर अगदी नेमका पडलाय. संसारात थोडं इकडे-तिकडे व्हायचंच, भांड्याला भांडं लागायचंच. तुमच्या घरी भांडीच सेपरेट होती, लागणार कुठून, हेही मला उमगलं नाही. आणि शेवटी ताजी खबर म्हणून लिहिलं की कार्यालयाचं छप्पर गळायला लागल्यामुळे 'स'ची सगळी खोकी आपल्या घरी आणली आहेत, तुझ्या खोलीत आता 'स' राहतो, पाय ठेवायला जागा नाही. मला तो विनोद वाटला होता. महिन्यानं तुझं दोन ओळींचं कार्ड आलं, बाबा, 'स'ला सुखानं राहू द्या, मी मजेत आहे. ते कार्ड मी अख्ख्या कार्यालयात फिरवलं. पोरगी कशी हजरजबाबी आहे बघा, म्हणून. त्यानंतर तुझ्या एकाही पत्रात मजेत असण्यापलीकडे काही आलं नाही, आणि त्या पत्रांत तपासण्यासारखीही एक चूक नव्हती.

ऑपरेशनच्या आधी फोनवर तू विचारलंस, येऊ का बाबा? मी म्हटलं, कशाला, अनुस्वार आहे की. तू बरं म्हणालीस आणि थेंबांची नावं लिहून घेतलीस. दुसऱ्या दिवशी जावईबापूंचा फोन आला. फार अगत्यानं बोलले, डॉक्टर कोण, औषधं कुठली, काही लागलं तर कळवा. माणूस वाईट नाही, मी त्यांना वाईट म्हणत नाही. तुला फोन द्या म्हटलं तर म्हणाले, ती तिच्या खोलीत असेल, निरोप ठेवतो. घरमालक भाडेकरूबद्दल बोलतो तसं. मी तेव्हाही आभार मानून फोन ठेवला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, तसा मी माझ्यापुढे तीन वर्षं सगळं वाचलं जात असताना कान हलवत उभा होतो.

पालथं पडणं संपलं त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या पत्रांचा डबा काढला. सगळी आहेत, तारीखवार लावलेली. ते पत्र उघडलं तर मधोमध खिडकी. त्या खिडकीतून मला समोरची भिंत आणि कॅलेंडर दिसलं. एका डोळ्यानं, भिंग धरून, वास्तविक मनाई असताना, मी ते पुन्हा वाचायला घेतलं. पुढची बाजू संपली, मागची आली. मागच्या बाजूला खिडकीच्या वर तुझी ओळ आहे, एवढं सगळं लिहिलं ते खरं तर एकच विचारायला. मग खिडकी. आणि खिडकीखाली, तुमची गैरसोय होणार असेल तर राहू द्या, मी इथे काही उपाशी नाही. काय विचारलं होतंस ते पट्टीच्या पाठीवर होतं, आणि पाठीला मी डिंक लावला होता. मनात पहिला विचार आला तो असा, की सुटलो, मी ते वाचलंच नव्हतं, कापताना गेलं. पण ते खोटं आहे. कागद कापण्याआधी तो दोन्ही बाजूंनी पूर्ण वाचायचा, हा नियम मीच कार्यालयाला घालून दिलेला आहे आणि पस्तीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. म्हणजे मी ते वाचलं होतं. वाचलं, मनात कुठेच टेकलं नाही, आणि कात्री घेतली.

आता बातमी. 'स' गेला. कार्यालयाचं छप्पर दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झालं होतं, खोकी न्यायची म्हणून कुणी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही, कारण मला तो शेजार आवडायचा. काल अनुस्वार हातगाडी घेऊन आला आणि एकशे चार खोकी घेऊन गेला. बाकी पसारा शिंपीणबाईंनी पदर खोचून काढला आणि खोली धुतली. खिडकीचा खिट्टा गंजला होता, त्याला तेल घातलंय. तुझी खाट भिंतीकडून खिडकीशी आणली, टेबल मात्र जिथं होतं तिथंच ठेवलं, त्यावर तू करकटकानं कोरलेलं अजून दिसतं. बाईंना सांगून टाकलं की चौथ्या अर्थाचा पुरावा मी परत घेतोय. त्या म्हणाल्या, पुरावा नाही तर अर्थ जाईल. म्हटलं, जाऊ दे. तीन वर्षं मी त्या अर्थाच्या जिवावर कॉलर ताठ करून फिरलो, तेवढं पुष्कळ झालं. उद्या पान तीनच अर्थांनिशी छापायला जाईल.

पट्टी या पाकिटात आहे, जपून काढ, ओली होऊन वाळल्यामुळे कडक झालीय. काल खोकी हलवायच्या आधी तेवढं एक कार्ड आम्ही काढून घेतलं. अनुस्वारानं ते किटलीच्या वाफेवर धरलं, डिंक सुटायला दहा मिनिटं लागली. शाई फिकी झालेली, मला एका डोळ्यानं लागेना. मी म्हटलं, तू वाच. तो खिडकीशी गेला आणि सवयीनं वाचायला लागला, बाबा स्वल्पविराम माझी खोली अजून रिकामी आहे का प्रश्नचिन्ह थोडे दिवस येऊन राहिले तर चालेल का प्रश्नचिन्ह. दुसऱ्या प्रश्नचिन्हाला त्याचा आवाज हलला. मग पट्टी माझ्या हातात देऊन तो हातगाडी आणायला गेला. ठकू, इतके दिवस हे पत्र लिहितोय ते कोशाच्या पानासाठी नाही, माफीसाठीही नाही, ती तू दे न दे. तू एक विचारलं होतंस आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तीन वर्षांत तुझं काय झालं, काय सावरलं, तुला आता यायचं आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि हे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला असं तू म्हणालीस तर मी गप्प बसेन. तुझ्या आईच्या हाती ते पत्र पडलं असतं तर तिनं चष्मा शोधला नसता, चपला शोधल्या असत्या. डॉक्टरीणबाईंनी मला वीस तारखेनंतर प्रवासाला मोकळं केलंय. तोवर तुझं काही आलं नाही तर मी गाडीत बसतो आणि तुझ्या दाराशी येऊन उभा राहतो, परत एकटा पाठवलंस तरी चालेल. किल्ली मीटरच्या पेटीत नेहमीच्या खिळ्याला आहे. हो, बाळा, तुझी खोली रिकामी आहे, आणि थोडे दिवस नाही, हवे तेवढे दिवस चालेल.

तुझाच,
बाबा